कोणाच्या जिवावर हसलो?

‘डार्लिंग्ज’ हा 2022 सालचा हिंदी चित्रपट रिझ चाचणीत सरळ नापास होतो. ब्रिटिश अभिनेता रिझ अहमद यानं 2017 मध्ये ब्रिटनच्या संसदेत दिलेल्या व्याख्यानावरून ही चाचणी पुढे काही जणांनी तयार केली. पडद्यावरचं मुस्लिम पात्र दहशतवादाशी जोडलेलं आहे का, उगाचच संतापी आहे का, अंधश्रद्ध किंवा मागासलेलं आहे का, पाश्चात्त्य जीवनाला धोका म्हणून रंगवलं आहे का, पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा आणि बाई असेल तर पुरुषाच्या जाचाखालची आहे का, असे पाच प्रश्न. एकाचं उत्तर जरी ‘हो’ आलं तरी चित्रपट नापास. ‘डार्लिंग्ज’मधला हमजा बायकोला मारतो, बद्रू मार खाते. चाचणीच्या दृष्टीनं खेळ खलास.

पण चित्रपट बघितलेल्या माणसाला हा निकाल पटत नाही, आणि न पटण्याचं कारण शोधलं की काळ्या विनोदाकडे कसं बघावं ते हाती लागतं. भायखळ्याच्या त्या वस्तीत मारणारा मुसलमान आहे, तशीच मार खाणारीही. तिला यातून सोडवायला निघालेली तिची आई शम्शू मुसलमान आहे, मायलेकींच्या मागे उभा राहणारा झुल्फी आणि खाटीक कासिमभाईही. मारहाणीचं मूळ दिग्दर्शिका जस्मीत रीन धर्मात शोधत नाही. दारू, कचेरीत साहेबाकडून होणारा अपमान, आणि सकाळी गोड बोललं की रात्रीचं सगळं विसरायला तयार असलेली बायको, यांत शोधते. हमजा रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. साहेब त्याला संडास धुवायला लावतो, आणि तो राग घरी येऊन बद्रूवर निघतो. हे गणित कुठल्याही जातीधर्माच्या चाळीत तसंच्या तसं लागू पडेल. अख्ख्या चित्रपटात एकच मुस्लिम पात्र असतं आणि ते हमजाचं असतं, तर मात्र चाचणीचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं.

म्हणजे एका वाईट माणसाभोवती त्याच समाजाची आणखी किती वेगवेगळी माणसं उभी आहेत, हे आधी बघायचं. फिल्म सोसायटीत चित्रपटानंतर चर्चा घेणारे, महाविद्यालयीन महोत्सवात परीक्षक म्हणून बसणारे, परीक्षणं लिहिणारे, आणि रात्री ओटीटीवर काहीतरी बघून सकाळी घरच्या ग्रुपवर वाद घालणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. काळ्या विनोदावरचे वाद फार लवकर दोन टोकांना जातात. एक बाजू म्हणते, हा आमचा अपमान आहे. दुसरी म्हणते, विनोद कळत नसेल तर बघता कशाला. दोघांनीही बहुतेक वेळा चित्रपटाकडे नीट बघितलेलं नसतं.

चाचण्या वापरू नका असं मी म्हणत नाही. सगळ्यात प्रसिद्ध बेकडेल चाचणी तर मुळात एक विनोदच होता. ॲलिसन बेकडेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीनं 1985 मध्ये आपल्या चित्रमालिकेत एका पात्राच्या तोंडी घातलेला: ज्यात निदान दोन बायका आहेत, त्या एकमेकींशी बोलतात आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतात, असाच सिनेमा मी बघते. शंभर चित्रपटांना एकदम ही चाचणी लावली तर धंद्याची नाडी कळते. एका चित्रपटाला लावली तर फारसं काही कळत नाही. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये (1964) एकच अभिनेत्री आहे, ट्रेसी रीड. टेबलाभोवती बसून जग बुडवायला निघालेले सगळे पुरुष आहेत, आणि नेमका तोच विनोद आहे. तिथे समतोल साधायला दोन बायका आणून बसवल्या असत्या तर चित्रपटाची धार गेली असती. कोण नाही हे मोजा, पण मग ते का नाही हेही विचारा. दिग्दर्शकाला त्या गैरहजेरीचं भान आहे की त्याच्या डोक्यातच ते आलेलं नाही, हा फरक दोनचार प्रसंगांत उघडा पडतो.

आता प्रत्यक्ष बघण्याची गोष्ट. पहिल्यांदा बघताना वही-पेन लांब ठेवा आणि हसा. तपासनिसासारखं बसलात तर विनोद पोचणारच नाही, आणि न पोचलेल्या विनोदाबद्दल मत देणं लबाडी आहे. कुठे हसू आलं आणि कुठे हसता हसता अडखळल्यासारखं झालं, एवढं लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा बघताना त्या जागा थांबवून बघा आणि प्रत्येक जागेपुढे एकच गोष्ट लिहा: हे हसू कोणावर फुटलं? त्या माणसाच्या मूर्खपणावर, लोभावर, सत्तेच्या माजावर, की तो जो आहे त्यावर, म्हणजे त्याच्या जातीवर, रंगावर, बोलीवर, अपंगत्वावर, बाई असण्यावर?

अमित मसूरकरच्या ‘न्यूटन’मधला (2017) मतदानाचा प्रसंग यासाठी नमुन्यादाखल घ्या. छत्तीसगडच्या जंगलातलं केंद्र, यादीत 76 मतदार. परदेशी पत्रकार येणार म्हणून जवान गावातून माणसं गोळा करून आणतात आणि रांगेत उभी करतात. त्यांना निवडणूक म्हणजे काय ते कुणी सांगितलेलंच नाही. न्यूटन पोटतिडकीनं समजावू लागतो आणि अडकतो. मग सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मासिंग पुढे होऊन यंत्र म्हणजे जणू खेळणं आहे, आवडेल ते चित्र बघून बटण दाबा, असं सांगून प्रश्न निकालात काढतो. प्रेक्षागृह हसतं. कुणाला? वरवर बघितलं तर यंत्र न कळणाऱ्या आदिवासींना. पण कॅमेरा त्या वेळी कोणाच्या चेहऱ्यावर आहे ते बघा. घाम फुटलाय तो न्यूटनला. फजिती होते ती व्यवस्थेची, लोकशाहीचा सोहळा उरकू पाहणाऱ्यांची. गावकरी ज्या शांतपणे ऐकून घेतात त्यात अडाणीपण कमी आणि अनुभव जास्त आहे.

तरीही ‘न्यूटन’ला मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. गावकरी जवळजवळ शेवटपर्यंत रांगच राहतात. एकेकट्याचं नाव, हट्ट, भांडण आपल्याला कळत नाही. त्या सगळ्यांचं ओझं मल्को या एका शिक्षिकेवर टाकलेलं आहे. अंजली पाटील या आपल्या नाशिकच्या अभिनेत्रीनं ते फार अदबीनं पेललं आहे. मल्को न्यूटनच्या आदर्शवादाला मधूनमधून अशी टाचणी लावते की तो काही वेळ गप्पच होतो. पण एका माणसानं अख्ख्या समाजाच्या वतीनं बोलायचं ही प्रतिनिधित्वाची जुनी तडजोड आहे, आणि ती चांगल्या चित्रपटातही तडजोडच असते. याउलट न्यूटनची स्वतःची जात चित्रपट कधी तोंडानं बोलत नाही. घरात बाबासाहेबांची तसबीर दिसते, बस. नियमपुस्तिकेवर असलेला त्याचा जीव त्या तसबिरीशी जोडून बघितला की त्याचा हट्ट निव्वळ विक्षिप्तपणा राहत नाही. ज्याला संविधानाखेरीज दुसरा आधार नव्हता, त्याच्या घरातून आलेला तो हट्ट आहे. अशा न बोलता ठेवलेल्या खुणा चर्चेत बहुतेकदा निसटतात, म्हणून भिंती, कपाटं, देव्हारे, कॅलेंडरं बघत चला.

हसू कोणावर फुटतं याच्या पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे: कोणाच्या मनात शिरायला मिळतं? यासाठी एकाच विषयावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघावेत. विषय शेतकऱ्याची आत्महत्या. विनोद करायला याहून अवघड विषय महाराष्ट्रात सापडायचा नाही.

अनुषा रिझवीच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये (2010) नत्था नावाचा कर्जबाजारी शेतकरी मरणार आहे अशी बातमी फुटते आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावात घुसतात. तो शौचाला कुठे बसला, त्यावरूनही बातमी होते. सरकार लालबहादूर योजनेतला हातपंप आणून दारात टाकतं. विनोदाचा नेम पत्रकार, पुढारी आणि अधिकारी यांच्यावर पक्का बसतो. नत्था मात्र फारसं बोलतच नाही. ओंकारदास माणिकपुरी हे हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधून आलेले छत्तीसगढी नट, त्यामुळे चेहरा, चाल, बसणं सगळं खरं. पण नत्थाला काय वाटतं हे आपल्याला कळत नाही. माझं मत असं की हे जाणूनबुजून केलंय, कारण ज्याच्या मरणावर सगळा बाजार भरलाय त्याला कुणीच काही विचारत नाही, हाच तर मुद्दा आहे. शिवाय चित्रपटात होरी महतो नावाचा आणखी एक माणूस आहे. तो रोज खड्ड्यातली माती खणून विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्या मरणाची बातमी होत नाही. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधल्या शेतकऱ्याचं नावही होरीच. ज्यांना ते माहीत आहे त्यांच्या पोटात तिथे खड्डा पडतो, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनाही ते मरण पुरेसं बोचतं.

त्याच्या एक वर्ष आधी मराठीत सतीश मन्वरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) आला. विदर्भातलं गाव. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला. किस्नाची बायको अलकाच्या डोक्यात बसतं की आता आपल्या नवऱ्याचा नंबर. ती त्याला गोडधोड करून घालते, त्याला राग येईल असं काही बोलत नाही, मुलाला आणि सासूला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते. त्याला बिचाऱ्याला कळत नाही की घरात हे अचानक काय चाललंय. या सगळ्यात हसू आहे आणि ते हसू घरातलं आहे. टीव्हीची गाडी नाही, मंत्री नाही. भीती अलकाची आहे, तिच्या भीतीतून गंमत होते आणि आपण तिच्याच डोळ्यांनी किस्नाकडे बघतो. शेतकरी आत्महत्येच्या बातमीत बायकोचा उल्लेख ‘मागे पत्नी व दोन मुले असा परिवार आहे’ एवढ्यावर संपतो. या चित्रपटात गोष्टच तिची आहे. सोनाली कुलकर्णी, गिरीश कुलकर्णी, ज्योती सुभाष यांची कामं पुन्हा बघावीत अशी आहेत.

दोन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत. पण प्रतिनिधित्वाच्या कसोटीवर मी ‘गाभ्रीचा पाऊस’ वर ठेवीन. ‘पीपली’ शेतकऱ्याभोवतीच्या लोकांबद्दल आहे, ‘गाभ्रीचा पाऊस’ शेतकऱ्याच्या घराबद्दल आहे. याचा अर्थ दुसरा चित्रपट मोठा आणि पहिला छोटा असा मुळीच नाही. मूल्यमापन करताना चित्रपटाचा दर्जा आणि प्रतिनिधित्वाचा दर्जा वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय ठेवा, नाहीतर आवडत्या चित्रपटाच्या चुका आपोआप झाकल्या जातात.

बोलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठी पडद्यावर वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणारा माणूस तोंड उघडतो आणि वाक्य संपायच्या आत हशा येतो. त्या वाक्यात गंमत असतेच असं नाही, तो हेल पुरेसा असतो. यावर साधा उपाय: तेच वाक्य मनात प्रमाण मराठीत म्हणून बघा. तरीही हसू आलं तर विनोद वाक्यात होता. आलं नाही तर तो माणसाच्या गावावर होता. हाच उपाय हिंदी चित्रपटातल्या मराठी मोलकरणीच्या, बिहारी रखवालदाराच्या आणि दाक्षिणात्य साहेबाच्या वाक्यांना लावता येतो.

आणि मग पुणं. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (2018) तिथे घडतो, आणि इथे दोन वेगवेगळ्या हिशेबांचा निकाल वेगवेगळा लागतो. आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक आकाश एका घरात वाजवायला जातो. समोर प्रेत पडलेलं असतं आणि घरातली माणसं त्याच्यादेखत ते हलवतात, कारण त्याला दिसत नाही अशी त्यांची खात्री असते. हसू कोणावर? डोळसांच्या बेफिकिरीवर. दिसत नाही म्हणजे कळतही नाही, असं धरून चालणाऱ्यांवर. इथपर्यंत ठीक. पण आंधळेपण हे या चित्रपटात बहुतांशी युक्तीचं साधन आहे. पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं, फोन वापरणं, घरमालकाशी वागणं, या रोजच्या गोष्टी दृष्टिहीन माणूस कशा करतो यात चित्रपटाला रस नाही. आकाश पुढे खरोखर आंधळा होतो तेव्हा तो हतबल होत नाही, डोकं चालवत राहतो, ही जमेची बाजू. अर्धे गुण.

दुसरा हिशेब शहराचा. पुण्यातला पोलीस निरीक्षक जवंदा, खून झालेला जुना नट आणि त्याची बायको सिन्हा. मराठी तोंडं कुठे भेटतात? माणसाला किडनीसाठी विकायला निघालेली लॉटरीवाली सखू आणि रिक्षावाला मुरली. छाया कदम यांची सखू इतकी झकास आहे की तिच्या लोभाचाही राग येत नाही, हे खरं. तिचं माणूसपण नटीनं कमावलंय, पटकथेनं फार दिलेलं नाही. काळ्या विनोदात सगळेच लोभी असतात, त्यामुळे गरीबही लोभी दाखवले तर तक्रार नाही. तक्रार आहे ती वाटणीबद्दल: शहराची मूळ भाषा बोलणारे सगळे खालच्या मजल्यावर आणि बाकीचे वर. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. हिंदी चित्रपटाची ती सवय आहे, आणि सवयी पकडायलाच तर आपण दुसऱ्यांदा बघायला बसतो.

इथेच एक गैरसमज दूर करून टाकू. चांगलं प्रतिनिधित्व म्हणजे चांगली माणसं नव्हेत. ‘जाने भी दो यारो’मध्ये (1983) भक्ती बर्वे यांनी केलेली संपादिका शोभा बाकीच्यांइतकीच बदमाश आहे. सत्य बाहेर काढायचं सोडून त्याचा सौदा करायला निघते. बाई आहे म्हणून तिला सात्त्विक केलं असतं तर ती बाहुली झाली असती. ‘अंधाधुन’मधली तब्बूची सिमी तर खुनावर खून करते आणि तरी चित्रपटातलं सगळ्यात जिवंत पात्र आहे. दुबळ्या समाजातल्या पात्राला लबाड, आळशी, भित्रं, कामातुर असायचा हक्क द्यायला हवा, फक्त त्या लबाडीचं कारण त्याचा समाज असता कामा नये.

कधीकधी मात्र कारण काहीही असो, पडद्याबाहेरचं जग मध्ये येतं. त्यागराजन कुमारराजाचा तमिळ ‘सुपर डिलक्स’ (2019) मला फार आवडतो. विजय सेतुपतीनं साकारलेली तृतीयपंथी शिल्पा घरी परतते आणि तिचा लहान मुलगा तिला जसा सहज आपली म्हणतो, तसं क्वचित कुठे दिसतं. सेतुपतीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण पुढे एका प्रसंगात शिल्पा कबूल करते की आपण पूर्वी मुलांना भीक मागवणाऱ्या टोळीच्या हवाली केलं होतं. तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी यावर जोरात हरकत घेतली. लांबून बघणाऱ्या प्रेक्षकाला वाटेल, एका पात्राचा गुन्हा, त्यात काय एवढं? तर 2018 च्या मे महिन्यात हैदराबादमध्ये मुलं पळवतात या अफवेवरून जमावानं एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला होता. त्याच वर्षी 1 जुलैला आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला त्याच अफवेनं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मारले गेले. ज्या अफवेनं माणसं मरतात ती अफवा पात्राचा भूतकाळ म्हणून वापरली, तर लेखकाचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. म्हणून हा प्रश्न तुमच्या यादीत असू द्या: विनोदात किंवा कथेत वापरलेला समज बाहेर कुणाच्या अंगावर येतो का? याचं उत्तर घरबसल्या मिळत नाही. त्या समाजातल्या लोकांनी काय लिहिलंय ते शोधून वाचावं लागतं.

तृतीयपंथी पात्र पुरुष नटानं करावं का, याचा वादही याच चित्रपटावरून झाला. माझं उत्तर थोडं कोरडं आहे. एखादा मोठा नट ती भूमिका करतो म्हणून चित्रपट उभा राहतो, हे मान्य. पण त्या समाजातल्या नटाला आधी एकदाही विचारणा झाली नसेल तर ‘योग्य कलाकार मिळाला नाही’ हे कारण खोटं. श्रेयनामावली वाचा. लेखन, संवाद, दिग्दर्शन, छायालेखन, पोशाख, सल्लागार, कोण आहेत? ऑस्करवाल्या अकादमीनं 2020 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी समावेशाचे चार निकष जाहीर केले, त्यांतले दोन पूर्ण करणं 2024 च्या सोहळ्यापासून सक्तीचं झालं. त्यांत पडद्यामागच्या माणसांनाही मोजलं जातं. नियमांनी चांगला विनोद लिहिला जात नाही, पण लिहायच्या खोलीत त्या घरातलं एक माणूस बसलेलं असलं की निदान सगळ्यात स्वस्त विनोद पहिल्याच खर्ड्यात गळतो.

लिहिताना ‘संवेदनशील’, ‘असंवेदनशील’, ‘धाडसी’ हे तीन शब्द शक्यतो टाळा. त्यांतून वाचकाला काहीच कळत नाही. प्रसंग सांगा, हसू कुठे आलं ते सांगा, ते कोणावर आलं ते सांगा, मग मत द्या. पात्र जातीवाचक बोललं म्हणजे चित्रपट जातीयवादी, हा निष्कर्ष घाईचा असतो. त्या वाक्यानंतर चित्रपट कोणाच्या बाजूला उभा राहतो ते दोन मिनिटं थांबून बघा. उलट ‘आम्ही तर सगळ्यांचीच टर उडवतो’ या बचावालाही भुलू नका. सगळ्यांची टर उडवली तरी मंत्र्याला त्याचं काही वाटत नाही, वस्तीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्यावरून हाक मारली जाते.

चर्चा घेणार असाल तर दाखवायच्या आधी दोन ओळींत सांगून टाका की चित्रपटात मारहाण, आत्महत्या किंवा अत्याचार आहे. विनोदी चित्रपट म्हणून आलेल्या माणसाला अचानक त्यापुढे बसवू नये. आणि ज्या समाजावर चित्रपट आहे त्यातलं कुणी चर्चेला आलं असेल, तर माईक आधी त्यांच्यापुढे नेऊ नका. त्यांना वाटेल तेव्हा ते बोलतील. अख्ख्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यायला ते आलेले नसतात, तुमच्यासारखेच चित्रपट बघायला आलेले असतात.